सॅमनवरच्या समुद्री उवा: औषध टाकण्याआधी या चुका टाळा

नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅमन माशांवरच्या उवा, म्हणजे माशाच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी, नियमाने मोजाव्याच लागतात. मर्यादा सरासरी एका माशामागे ०.५ प्रौढ मादी. वसंतात सॅमनची पिल्लं नद्यांतून समुद्राकडे निघतात, तेव्हा ही मर्यादा ०.२ इतकी खाली येते. त्यामुळे सगळ्यांची नजर अंड्यांच्या दोऱ्या लोंबणाऱ्या मादीवर खिळते, आणि पहिली चूक तिथेच होते.

मादी दिसते तोवर बरंच घडून गेलेलं असतं. माशावर येऊन बसणारी अळी एक मिलिमीटरहूनही लहान. ती आकड्यांनी कातडी धरते, कात टाकते आणि कपाळातून निघालेल्या बारीक धाग्याने स्वतःला माशाला बांधून घेते. पर पसरून, उजेड तिरका पाडून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. पर न तपासता ‘मासा स्वच्छ’ असा शेरा मारू नका.

जुन्या तक्त्यांत या बांधलेल्या अवस्था चार दिसतात. सॅमनच्या उवेत त्या दोनच, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. कॅलिगस या दुसऱ्या उवेत मात्र चार आहेत, म्हणून आधी जात ओळखा. बांधलेल्या अवस्थेनंतर ऊ सुटी होऊन माशावर हिंडते आणि कातडी खरवडून खाते. खरी जखम तेव्हापासून वाढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक औषधाची. ॲझामेथिफॉस हे औषध मिसळलेल्या पाण्याची आंघोळ हिंडणाऱ्या उवांवर चालते, बांधलेल्यांवर नाही. डायफ्लुबेंझुरॉन उलट: ते कात टाकण्यात मोडता घालतं, त्यामुळे शेवटची कात टाकून झालेल्या प्रौढांना त्याचं काही होत नाही. आंघोळीनंतर थोड्याच दिवसांत हिंडणाऱ्या उवा पुन्हा दिसल्या, की ‘औषधाला सरावल्या’ असं लगेच म्हणू नका. सरावतातही, पण आंघोळीच्या दिवशी बांधलेल्या किती होत्या ते आधी नोंदीत पाहा.

औषधाची पुढची फेरी नुसत्या कॅलेंडरवर ठरवू नका. १० अंश पाण्यात अंड्यापासून प्रौढ नर व्हायला सुमारे ४० दिवस लागतात, मादीला सुमारे ५०. पाणी गार असेल तर आणखी.

आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या तळ्यातली आर्गुलस ऊ निराळी. ती मासा सोडून दगडांवर, खांबांवर अंडी घालते, म्हणून तिथे खांब घासून उपयोग होतो. सॅमनची मादी अंडी अंगावरच बाळगते.

आणि मोजणी करताना भूल दिलेल्या माशाच्या टबातलं पाणीही गाळून पाहा. हिंडणाऱ्या उवा तिथे सुटून पडतात आणि हिशेबातून निसटतात.