गावच्या राजकारणात नव्याने उतरताय? या चुका टाळा

पहिल्याच ग्रामसभेत मी दहा मिनिटं बोललो. आमच्या वस्तीची पाण्याची टाकी गळत होती आणि खालच्या आळीला दोन दिवसाआड पाणी येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभा उठल्यावर शेजारच्या अक्का, ज्या दोन वेळा सदस्य होत्या, जवळ येऊन म्हणाल्या, "बोललास चांगलं बाळा, पण लिहून दिलंस का?" दिलं नव्हतं. महिन्याभराने प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीची, नक्कल मिळवली, तर त्यात टाकीचं नावसुद्धा नव्हतं. हजेरीच्या वहीत सही मात्र माझी होती.

नव्या माणसाची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागायची वाट न बघता विषयाचा अर्ज एका पानात लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. सभेत ठराव मांडताना सूचक कोण, अनुमोदक कोण हे मोठ्याने सांगा, आणि उठण्याआधी ठराव वाचून दाखवायला लावा. वहीतलं पान कोरं असेल तर खाली सही करू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. पुढच्या आठवड्यात नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तरी दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. सोबत ती पोच जोडा, तिच्याशिवाय तुमचं म्हणणं नुसतं तोंडी राहतं.

कोरमच्या, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीच्या, बाबतीतही नवे लोक फसतात. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला कमी आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि पोरं "रद्द झाली" म्हणून घरी जातात. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. वीस माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो तो असा. त्या दिवशी गैरहजर राहू नका.

पैसा कुठून येतो हे न बघता सरपंचांवर तुटून पडणं, हीसुद्धा नेहमीची चूक. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील होती. त्यातून सभामंडप मागितला तर नकारच येणार. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतो. तो आधी वाचा, मग बोला.

महिलांच्या आरक्षणामुळे सरपंचताई निवडून आल्या, तरी काम घेऊन लोक त्यांच्या यजमानांकडे जातात. तुम्ही जाऊ नका. 2011 पासून पंचायतीत 50 टक्के जागा महिलांना आहेत, आणि ताईंच्या खुर्चीला वजन यायचं तर प्रश्न त्यांनाच विचारले पाहिजेत. घरातल्या बायकांना ग्रामसभेआधीच्या महिला सभेलाही आवर्जून न्या. पाण्याचा विषय तिथे जितक्या खरेपणाने निघतो तितका मोठ्या सभेत निघत नाही.

उभं राहायचं ठरलंच, तर अर्ज भरायच्या आठवड्यात कागद गोळा करत बसू नका. वय 21 पूर्ण हवं, घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली हवी. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर अपात्रता येते. सरकारी जागेवर घरच्यांनी केलेलं अतिक्रमणही अंगावर येतं, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसा निकाल दिला आहे. आणि निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब तहसील कार्यालयात द्यायचा असतो, हरलेल्यांनीसुद्धा. हरलो म्हणून हिशोब दिलाच नाही आणि पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरले, असे चांगले कार्यकर्ते मी पाहिलेत. फार जीव तुटतो.

शेवटची गोष्ट पॅनेलची. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण भावकी आणि पॅनेल असतातच. आल्या आल्या कुणाचा तरी माणूस म्हणून ओळख होऊ देऊ नका. निवडणुकीत समोर उभा असलेला गडी उद्या तुमच्याच आळीत पाण्याच्या रांगेत असतो.

पुढच्या सभेला मी टाकीचा अर्ज पोच घेऊन दिला होता. सूचक अक्का झाल्या. अनुमोदन दिलं ते आमच्या विरोधी पॅनेलच्या एका सदस्याने. त्याचंही घर खालच्या आळीत आहे.