उघाडीच्या तोंडाशी जिताडा

जिताडा मासा भर खाडीत शोधत बसू नका. आमच्या रायगडातल्या धरमतर खाडीत तो उघाडीपाशीच, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशीच मिळतो. ओहोटी लागली की उघाडीचं दार उघडतं, खाजणातलं, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या जमिनीतलं पाणी बाहेर पडतं आणि त्यासोबत कोलंबी, बोय माशाची पिल्लं. जिताडा त्या धारेत शिरत नाही. कडेच्या संथ पाण्यात, दगडाच्या आडोशाला थांबतो आणि समोरून जाईल ते गिळतो. गळ तिथेच पडला पाहिजे.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. षष्ठीला साडेचार, खाडीत आतवर थोडा उशीर धरा. म्हणजे सव्वापाचपासून काळोख पडेपर्यंत ओहोटी तुमची. षष्ठी-सप्तमी मी सहसा चुकवत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धारेत आमिष जागेवर राहतच नाही.

आमिष जिवंत बोय, वीतभराहून लहान. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकून स्वतः पकडलेली उत्तम. गळ पाठीवरच्या पराखाली कातडीपुरताच टोचा. पाठीच्या काट्याला लागला तर बोय मेलीच.

दोरीच्या टोकाला हातभर जाड नायलॉन हवाच. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. माझ्या पहिल्या मोठ्या माशाला मी बारीक दोरी लावली होती. त्याने दोन उड्या मारल्या आणि दोरी हलकी झाली. टोक पाहिलं तर सुरीने कापल्यासारखं साफ.

घास घेताना ‘डुब्ब’ असा आवाज येतो. लगेच हिसका देऊ नका. दोरी चालू लागली की मग ताण द्या. त्याने उडी मारली की काठीचं टोक पाण्याकडे झुकवा, नाहीतर मान झटकून तो गळ फेकून देतो.

काठाशी आला की कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. खालचा जबडा अंगठ्याने धरा. दात कानशीसारखे खरखरीत, पण बोट फाडत नाहीत. दुसरा हात पोटाखाली.

दोन-अडीच किलोचा खुशाल घरी न्या. आमच्याकडे पाहुण्याचा मान म्हणजे जिताड्याचं कालवण. पण सात-आठ किलोच्या वरचा मासा सोडा, हे मी हात जोडून सांगतो. जिताडा आधी नर असतो, वाढला की मादी होतो. मोठे मासे बहुतेक माद्याच, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालणाऱ्याही त्याच. भाव किती येतो ते मलाही ठाऊक आहे. तरी तिला पाण्यातच ठेवून गळ काढा, तोंड धारेकडे करून धरा. कल्ले सावकाश हलू लागतील. शेपटीचा फटका मनगटावर बसला की हात काढून घ्या.