दुधाचे लिटर आणि किलो यांचा मेळ कसा घालावा

गोठ्यात दूध मापाने मोजले जाते आणि संकलन केंद्रावर ते काट्यावर चढते. घरच्या वहीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा मग जुळत नाहीत आणि सोलापूर जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस सांभाळणारा शेतकरी विनाकारण संशयात पडतो. पुष्कळदा चूक कोणाचीच नसते. लिटर हे आकारमानाचे माप आहे, किलो वजनाचे, आणि दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते.

रोजच्या व्यवहारासाठी नियम सोपा आहे. लिटरला 1.03 ने गुणले की किलो मिळतात आणि किलोला 1.03 ने भागले की लिटर मिळतात. चाळीस लिटरच्या भरलेल्या कॅनमधले दूध 41.2 किलो भरते. उलट 40 किलो दूध म्हणजे सुमारे 38.83 लिटर. गुणायचे की भागायचे याचा गोंधळ झाला तर एवढेच आठवावे की दुधाच्या किलोचा आकडा लिटरच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

दूध घट्ट म्हणजे जड, ही समजूत मात्र सोडून द्यावी. दुधाला जडपणा येतो तो प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार यांमुळे. फॅट पाण्यापेक्षाही हलके असते. म्हणूनच साय काढलेले दूध लिटरमागे अख्ख्या दुधापेक्षा जास्त भरते.

आपल्या गोठ्यातल्या दुधाचा नेमका गुणक काढायचा असेल, तर रिकामे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, शिक्का असलेल्या मापाने त्यात पाच लिटर दूध ओतावे आणि आलेल्या वजनाला पाचने भागावे. वजन 5.150 किलो आले, तर गुणक 1.03. एकाच लिटरवर ही परीक्षा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन; काटा दहा ग्रॅमने इकडेतिकडे झाला, तर एका लिटरमागे ती एक टक्क्याची चूक ठरते आणि आपण शोधत असलेला फरकच मुळी तीन टक्क्यांचा आहे. धार काढल्याबरोबर माप भरू नये. फेस मापाच्या काठापर्यंत येतो, पण वजनात जवळजवळ काहीच भरत नाही. फेस बसू द्यावा, दूध हलक्या हाताने ढवळावे आणि मगच मोजावे. उन्हाळ्यात कोमट दूध किंचित फुगलेले असते, म्हणून माप आणि वजन दोन्ही एकाच वेळी घ्यावीत.

खरा पैशाचा प्रश्न फॅटच्या हिशेबात येतो, कारण फॅटची टक्केवारी वजनावर धरली जात असेल तर लिटरवर तिचा गुणाकार करणे चुकीचे ठरते. समजा, म्हशीचे 12 लिटर दूध घातले, फॅट 7 लागले आणि गुणक 1.03 आहे. दुधाचे वजन 12.36 किलो, म्हणून फॅट सुमारे 865 ग्रॅम. लिटरलाच किलो समजून हिशेब केला, तर ते 840 ग्रॅम दिसते. दिवसाला 25 ग्रॅम, तीस दिवसांत पाऊण किलो फॅट वहीत कमी लागते. त्यामुळे पावती हातात आली की दर लिटरचा आहे की किलोचा, हे आधी पाहावे, दुधाची नोंद त्याच एककात आहे का ते तपासावे, आणि दोन्ही वेगळी असतील तर तिथेच, दूध टाकीत ओतले जाण्यापूर्वी विचारावे.