आदिवासी गावात विद्यार्थ्यांना नेताना या चुका टाळा

पावसाळा सरला की आमच्या गडचिरोलीत मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजांच्या गाड्या यायला लागतात. एमबीबीएसला आता पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, नर्सिंगला समाज आरोग्याची पोस्टिंग असते, शिवाय शिबिरं. मुलं मनापासून शिकायला आलेली असतात. त्यांना घेऊन येणारे मात्र वर्षानुवर्षं त्याच चुका करतात, आणि गाडी निघून गेल्यावर त्या निस्तरायला गावातली आशाताई उरते. मी अशा भेटी जुळवून देण्याचं काम करते, म्हणून हे सगळं जवळून दिसतं.

सरपंचाची सही म्हणजे गावाची परवानगी नव्हे

कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र आणि सरपंचाची सही फायलीला लागली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं आणि त्यांचे टोले, म्हणजे लहान वस्त्या, असतात. सरपंच त्यातल्या एका गावचा. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे, आणि त्यांनुसार लहानशा टोल्यालाही स्वतःची ग्रामसभा असू शकते. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तर सर्वसहमती झाल्याशिवाय निर्णयच घेत नाही. अशा ठिकाणी एका सहीवर पन्नास मुलं उतरवणं म्हणजे कुणाच्या घरात न विचारता शिरणं.

माझी सवय अशी: विद्यार्थी येण्याच्या बरंच आधी, एकही फॉर्म न घेता जायचं. ग्रामसभेत बसायचं. कोण येणार, किती, कशासाठी, गावाकडून काय घेणार आणि गावाला काय देणार, ते सांगायचं आणि गप्प राहायचं. ‘विचार करून सांगू’ असं उत्तर आलं तर परत यायचं. ‘नाही’ आलं तर दुसरं गाव बघायचं, आणि त्या गावाबद्दल एक शब्द वावगा बोलायचा नाही. ‘मॅडम, बॅच सोमवारी येतेय, तेवढं बघा ना’ असे फोन मला येतात. ग्रामसभा तुमच्या वेळापत्रकावर चालत नाही. घाई असेल तर गावात येऊ नका.

रक्त घेतलं, निकाल कुठे आहे?

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो.

एका कॉलेजने एका गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तपासणी शिबिर घेतलं. हेतू चांगलाच होता. गोंड आणि इतर आदिवासी समाजांत हा आजार आहे, आणि २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. मुलांनी भराभर सोल्युबिलिटी चाचण्या केल्या आणि ज्यांची पॉझिटिव्ह आली त्यांची नावं माइकवर पुकारली, सगळ्या गावासमोर. ‘यांना सिकलसेल आहे, यांनी थांबावं.’

ही चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस एएस म्हणजे वाहक आहे की एसएस म्हणजे रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. वाहकाला बहुधा कसलाही त्रास नसतो, तो शेतात राबतो, जगतो तुमच्या-माझ्यासारखा. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. सांगायचं ते एवढंच, आणि ते शेजारी बसून सांगायचं.

पुढच्या तपासणीचे नमुने कॉलेजात गेले. निकाल आले आणि विभागातल्या कपाटात पडून राहिले, कारण बॅच बदलली होती. इकडे गावात एका मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. मी मागे लागून ते निकाल मिळवले, तेव्हा बहुतेक नावांपुढे एएस होतं. त्या मुलीच्याही. पुढच्या हंगामात मलेरियाच्या तपासणीला आशाताई दारोदार गेली, तर बायका बोट पुढे करेनात. तिच्याच गावातल्या बायका, तिने ज्यांची बाळंतपणं दवाखान्यात नेली होती त्या. गडचिरोलीत मलेरियाची तपासणी चुकणं म्हणजे काय, हे इथल्या कुणालाही विचारा.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं. ते न सांगता स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरलं गेलं. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्याकडच्या गावांना कोर्टात जायला पैसे नसतात, म्हणून आपण सुटतो.

तेव्हा सुई टोचण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: निकाल कोण आणणार, कधी आणणार, आणि एसएस निघालेल्या माणसाला हायड्रॉक्सीयुरिया व फॉलिक ॲसिड ही औषधं कुठल्या दवाखान्यात मिळत राहणार. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याला, घरी जाऊन. उरलेल्या नमुन्याचं काय करणार, तेही ग्रामसभेत सांगायचं. हे जमणार नसेल तर रक्त घेऊ नका, वजन-उंची घ्या.

बाकीचं थोडक्यात

मोह वेचायच्या दिवसांत आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात जाऊ नका. भाताच्या रोवणीच्या वेळीही नाही.

शाळकरी पोराला दुभाषी करून त्याच्या आईला पाळीबद्दल विचारू नका. गोंडी किंवा माडिया बोलणारी बाईच हवी.

पहिल्याच दिवशी अंधश्रद्धेवर व्याख्यान नको. आधी पुजाऱ्याला भेटा. साप चावला की माणूस बऱ्याचदा आधी त्याच्याकडे नेतात, आणि ‘ताबडतोब दवाखान्यात न्या’ हे तो म्हणाला तर जीव वाचतो.

उघड्या पोराचा फोटो काढून पोस्टरवर लावणारा विद्यार्थी मी त्याच दिवशी परत पाठवते.

प्रश्न तुम्हीच ठरवून येता

राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. लोकांना मोठ्या इमारतीची धास्ती वाटत होती आणि सोबतच्या नातेवाइकांना जागा हवी होती. म्हणून तिथे झोपड्यांसारखी रचना झाली, आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचं नाव मिळालं. विद्यार्थ्यांना प्रश्नावली देण्याआधी मी हे सांगते आणि पहिला दिवस वह्या बंद ठेवायला लावते. लोकांना कंबरदुखी छळत असते आणि आपण हात धुण्याचं प्रात्यक्षिक घेऊन आलेलो असतो.

एकदाच येऊन जाणाऱ्या बॅचला गाव मनातलं सांगत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक बॅच एक गाव घेते, सुरुवातीला तिथे मुक्काम करते आणि पुढे त्याच गावात परत परत जाते. तेवढं जमत नसेल तर निदान दरवर्षी गाव बदलू नका.

आणि मानधन. शहरातून व्याख्यान द्यायला आलेल्या तज्ज्ञाला पाकीट मिळतं, आणि दिवसभर मुलांना बाळंतपणाच्या चालीरीती समजावणाऱ्या सुईणीला चहा. मी बजेटमध्ये दोघांसाठी एकच रक्कम लिहिते. लेखा विभाग हमखास विचारतो की हिची पात्रता काय, आणि मी तिने सोडवलेल्या बाळांचा आकडा लिहून पाठवते. आशाताईची बुडालेली रोजी त्याच दिवशी, रोख, कॉलेजची गाडी सुटायच्या आत.