जुना फेंडर क्लीन टोन मल्टी-इफेक्टवर

मल्टी-इफेक्टवर (अनेक इफेक्ट आणि अँपची नक्कल एकाच डब्यात देणारं गिटारचं यंत्र) १९६०च्या दशकातल्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटार अँपचा आवाज हवा असेल तर प्रीसेटमधलं (साठवलेल्या सेटिंगमधलं) सगळं बंद करून फक्त अँप आणि कॅब (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) ठेवा. व्हॉल्यूम ४, ट्रेबल ६, बेस ३ पासून सुरुवात करा. मूळ अँपला मिडचं बटणच नव्हतं. जोरात छेडल्यावर सूर कडेला जरासा फाटायला हवा. नसेल तर व्हॉल्यूम वाढवा, ड्राइव्ह पेडल (आवाज फाडणारा वेगळा इफेक्ट) नको.

हेडफोनमध्ये आवाज कानाला टोचतो, कारण गिटारच्या स्पीकरमधून ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येतच नाही, हेडफोनमधून मात्र येतं. कॅबचा हाय-कट (ठरावीक पट्टीवरचा आवाज गाळणारी सेटिंग) ५-६ किलोहर्ट्झवर आणा. मग रिव्हर्ब (घुमारा) जोडा, तो स्प्रिंग प्रकारचाच; मिक्स, म्हणजे त्याचं प्रमाण, २० टक्क्यांच्या आसपास. खऱ्या गिटार अँपला जोडताना मात्र कॅब बंद; नाहीतर दोनदा गाळलेला, घोंगडीखालून आल्यासारखा आवाज मिळेल.