आधी आपलं बेसिन बघा

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशामुळं पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. पोरांच्या लेखी मात्र तो सबमिशनच्या पोस्टरपुरताच. कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगला शिकवायला लागल्यावर पहिली तीन वर्षं मीही पोस्टरंच तपासली. आता पहिल्या आठवड्यातच बॅच कॉलेजमागच्या नाल्यावर नेतो. नाला पुढं पंचगंगेला मिळतो.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला 300 मिलीच्या बीओडी बाटल्या (घट्ट काचेच्या बुचाच्या) न्या आणि रसायनंही न्या, कारण लॅबपर्यंत येईतो ऑक्सिजनचा आकडा बदलतो. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मॅंगनीज सल्फेट 2 मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड 2 मिली, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. हे आधी सांगू नका. गेल्या वर्षी पांढरा साका बघून एक पोरगं म्हणालं, "सर, रिएजंट गंडलंय." त्याच रिएजंटनं नळाचं पाणी करायला लावलं. तपकिरी झालं. गडी गप्प.

पण खरा धडा सीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजायच्या, प्रॅक्टिकलला. ते झाल्यावर फ्लास्क कुठं रिकामे होतात? आमच्याकडं बेसिनमध्ये व्हायचे. एकदा लॅबच्या मामांना सांगून मागचा चेंबर उघडला, तर पाइप थेट त्याच नाल्याला! नाल्याच्या नावानं बोटं मोडत जर्नल लिहिणारे आम्हीच त्यात पारा सोडत होतो.

तेव्हापासून हे गणित पोरांकडूनच करून घेतो. 20 मिली नमुन्याला 0.4 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे सुमारे 270 मिलीग्रॅम पारा. सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलीग्रॅम. म्हणजे एका फ्लास्कमधला पारा त्या मर्यादेत आणायला 27,000 लिटर पाणी. ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाण्याचा फ्लास्क) धरून बॅचचे दहा फ्लास्क. गुणाकार फळ्यावर पोरांनीच करायचा, आपण खडूला हात लावायचा नाही.

मग जाड प्लास्टिकचा झाकणाचा कॅन ठेवा. द्राव पूर्ण गार झाल्यावरच ओता. ऑक्सिजन चाचणीतलं उरलेलं त्यात चुकूनही नको, कॅनमधल्या आम्लात अझाइड पडलं की विषारी वायू सुटतो. कॅनवर तारीख, बॅच, किती मिली आणि ओतणाऱ्याची सही. भरला की घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाकडं. खर्चाचा कागद ऑफिसात दोनदा परत येईल. तिसऱ्यांदा फळ्यावरच्या गणिताचा फोटो जोडा, माझा तसाच पास झाला.

व्हायवाला व्याख्या विचारत नाही. "कॅनमध्ये आज किती?" एवढंच विचारतो.