अर्धमेला एसएमपीएस ओळखताना

पूर्ण बंद पडलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारी पेटी) कुणालाही ओळखता येतो. डोकं खातो तो अर्धमेला. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. किंवा सकाळी बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं, आणि एकदा मशीन सुरू झालं की दिवसभर तक्रार नाही. किंवा नुसतं टायपिंग चालतं, पण व्हिडिओ लावला की रीस्टार्ट. अशा वेळी रॅम पुसून होते, विंडोज नव्याने टाकून होतं, मदरबोर्डही बाद ठरवला जातो, आणि खरा गुन्हेगार कोपऱ्यात गुरगुरत राहतो.

मल्टिमीटर हातात घेण्याआधी पॉवर केबल बदलून बघा, मागचा स्विच बघा. कॅबिनेटचं बटणही खराब असू शकतं. बोर्डवरच्या त्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की ते कळतं. मागे 115/230 चा लाल स्विच असेल तर तो तुमच्या पुरवठ्याप्रमाणेच हवा. 230 व्होल्टवर तो 115 कडे राहिला तर निदान करायला काही उरत नाही, आवाजच सांगतो.

आता मीटर डीसीवर ठेवा, काळा प्रोब कॅबिनेटच्या पत्र्याला लावा आणि लाल प्रोब एसएमपीएसमधून बोर्डला जाणाऱ्या 24 पिनी प्लगच्या मागच्या बाजूने, वायरीलगत आत सरकवा. प्लग बोर्डलाच जोडलेला राहू द्या. सुरुवात जांभळ्या वायरीपासून. मशीन बंद असतानाही तिथे 5 व्होल्ट हवेत. नसतील तर लगेच निकाल देऊ नका. वीज काढून प्लग बोर्डपासून सोडवा, पुन्हा वीज द्या, पुन्हा मोजा. आता 5 व्होल्ट आले तर बोर्ड ती लाइन खाली ओढतोय. तरीही आले नाहीत तर एसएमपीएस गेला.

दुसरी वायर हिरवी. बंद मशीनमध्ये तिच्यावर साधारण 5 व्होल्टपर्यंत दिसतात आणि बटण दाबल्यावर ते शून्याजवळ यायला हवेत. आले नाहीत तर बोर्ड हुकूमच देत नाही, एसएमपीएसचा दोष नाही. हुकूम मिळूनही बाकीच्या लाइन उठत नसतील तर हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बघा, कारण एखाद्या भागात शॉर्ट असला तर चांगला एसएमपीएसही स्वतःला बंद करून घेतो.

तिसरी, करडी वायर नवशिक्यांना कुणी सांगत नाही. सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर 100 ते 500 मिलिसेकंदांत एसएमपीएस तिच्यावर 5 व्होल्ट देतो. तोवर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. पंख्याला या वायरीशी काही देणंघेणं नाही, त्याला 12 व्होल्ट मिळाले की तो फिरतो. म्हणून ‘पंखा फिरतोय म्हणजे पॉवर ठीक आहे’ हे वाक्य कुणीही म्हटलं तरी मानू नका.

पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6, लाल वर 4.75 ते 5.25 आणि नारिंगी वर 3.14 ते 3.47 व्होल्ट चालतात. पण हे आकडे मशीन कामात असताना घ्या. हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस बाहेर चालवण्याची युक्ती सगळे शिकवतात. तिने तो सुरू होतो एवढंच कळतं, भार पेलतो का ते नाही. शिवाय साधा मीटर सरासरी दाखवतो, त्यातली थरथर दाखवत नाही. आकडे बरोबर आणि मशीन तरी वेडंवाकडं वागत असेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं, एवढाच सरळ उपाय.

सकाळच्या त्या नखऱ्यांमागे बहुतेकदा सुकलेले कपॅसिटर असतात. गार असताना त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, ऊब आली की ते कसेबसे काम करतात. साधारण 1999 ते 2007 च्या काळात खराब कपॅसिटर असलेले बरेच बोर्डही बाजारात आले, तेव्हा प्रोसेसरभोवतालचे कपॅसिटर फुगलेत का हे नवा एसएमपीएस घेण्याआधीच पाहून घ्या. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असू शकतात. ते काम नंतर, शिकवणारा शेजारी असताना.

नवा निवडताना वॅटचा मोठा आकडा बघून भुलू नका, माझ्या मते जुन्या मशीनच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पेंटियम 3 किंवा अॅथलॉन एक्सपीच्या काळातले अनेक बोर्ड प्रोसेसरची वीज 5 व्होल्टच्या लाइनमधून घेत. आजचे एसएमपीएस जवळपास सगळी ताकद 12 व्होल्टवर देतात, 3.3 आणि 5 मिळून अनेकांत 100 ते 120 वॅटच असतात. बोर्डवर 12 व्होल्टचा चौकोनी चार पिनी सॉकेट नसेल तर जुन्या लेबलवरचे 5 व्होल्टचे अँपिअर वाचा आणि नव्याशी ताडून पाहा. पांढरी वायर, म्हणजे उणे 5 व्होल्ट, आता मिळत नाही. आयएसए या जुन्या स्लॉटच्या काही कार्डांनाच ती लागते.

20 पिनी बोर्डसाठी 20+4 चा, म्हणजे चार पिना सुट्या होणारा प्लग घ्या. एटी या जुन्या प्रकारच्या बोर्डांच्या काळातले दोन वेगळे प्लग असतील तर दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटं लावलं तर बोर्ड जातो. काही कंपन्यांच्या तयार मशीनमध्ये प्लग दिसायला नेहमीचा, पण पिनांची मांडणी स्वतःची असते. म्हणून जुना प्लग काढण्याआधी फोटो घ्या आणि वायरींचे रंग जुळवून पाहा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला बसल्या तरी वापरू नका, पेटीकडच्या टोकाची मांडणी ठरलेली नसते.

बसवताना वीज काढून बटण एकदा दाबा, उरलेला चार्ज निघून जातो. चार स्क्रू लावले की आधी फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि डिस्प्लेपुरतं लागेल तेवढंच जोडा. स्क्रीन आली की मग हार्ड डिस्क. तारीख मागे गेलेली दिसली तर बोर्डवरचा सीआर2032 सेलही बदला. शेवटी मशीनला दोन-तीन तास चांगलं राबवा आणि ते चालू असतानाच मोकळ्या मोलेक्सवर (जुन्या ड्राइव्हच्या चार पिनी प्लगवर) पिवळी व लाल वायर मोजा. 12 ची लाइन 11.4 च्या खाली घसरत असेल तर बिल हाताशी आहे तोवर परत करून टाका.